सकाळी न उठणारा कॉम्प्युटर

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बाईंचा कॉम्प्युटर सकाळी उठेनासा झाला. बाई म्हणजे मला तिसरी-चौथीत शिकवणाऱ्या. भुईगावात आमच्या वाडीच्या मागच्या गल्लीत राहतात, आता निवृत्त आहेत. त्यांनी मला निरोप पाठवला, तोही याच शब्दांत: "कॉम्प्युटर उठत नाही. दुपारी आपोआप उठतो. येऊन बघ."

मी बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना वाटतं, की आयटी म्हणजे टीव्हीच्या रिमोटपासून बँकेच्या मशीनपर्यंत सगळं. कॉलेजात आम्हाला प्रोग्रॅमिंग शिकवतात, पेचकस हातात कोणी देत नाही. म्हणून आठवड्यातून तीन दुपारी मी नालासोपाऱ्याला, आचोळ्यातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात शिकायला जाते. तिथे दुरुस्ती शिकवणाऱ्या दादांच्या हाताखाली मी अजून बरीच कच्ची आहे. पण बाईंना नाही म्हणणं मला जमलं नाही. शिवाय त्या कॉम्प्युटरमध्ये माझ्या आईचं काहीतरी होतं.

आई आठवीतून शाळा सुटलेली. मी कॉलेजला जायला लागले त्या वर्षी तिने सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा असतो तो. तिच्यासारख्या आणखी चार बायका होत्या. पाचही जणी रोज चार वाजता बाईंच्या पडवीत पाटावर वह्या घेऊन बसत. पहिल्या वर्षी आईचं गणित राहिलं. नापास झाली म्हणण्यापेक्षा, तिने अर्धा पेपर कोराच ठेवला होता. येत नव्हतं असं नाही. समोर छापील पेपर आला, की तिचा हात थांबायचा. "घरात बाईंच्या वहीतलं येतं गं," ती म्हणायची, "पन छापलेलं बघितलं की वाटतं, हे माझ्यासाठी नाही." आई मिठागराच्या बाजूच्या गावातली. 'पण'ला ती अजून 'पन' म्हणते, आणि आम्हीही तिला कधी हटकलं नाही.

यावर बाईंनी उपाय काढला. त्यांनी स्वतः बसून गणिताच्या बारा सराव प्रश्नपत्रिका टाइप केल्या. बोर्डाच्या पेपरासारख्याच दिसणाऱ्या, वर आसनक्रमांकाची चौकट असलेल्या. सत्तरीच्या जवळ आलेल्या बाईंनी दोन बोटांनी टाइप केलेल्या बारा प्रश्नपत्रिका. त्यातल्या तीन छापून झाल्या होत्या, नऊ कॉम्प्युटरमध्ये होत्या. बोर्डाची परीक्षा मार्चमध्ये. आणि आईने दिवाळीतच सांगून ठेवलं होतं, की यंदा नाही झालं तर पुन्हा फॉर्म भरणार नाही.

मी गेले तेव्हा सकाळचे आठ वाजले होते. बाई शाल लपेटून चहा गाळत होत्या. कॉम्प्युटरच्या वर, भिंतीवर, येशूची तसबीर आणि तिच्यासमोर छोटा विजेचा दिवा. तो आणि कॉम्प्युटर एकाच बोर्डावर.

"दिवा लागतोय, म्हणजे वीज आहे," बाई म्हणाल्या. "एवढं मी तपासलंय. मला अगदीच ढ समजू नकोस."

मी बटण दाबलं. पंखा फिरला, आणि डब्यातून लांब आवाज आला. पीप. मग थांबून पुन्हा पीप. मॉनिटर काळाच. दुकानात हा आवाज मी ऐकला होता. बहुतेक वेळा त्याचा अर्थ, कॉम्प्युटरला रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, सापडत नाही. हे मला तेव्हाच आठवायला हवं होतं. पण बाई मागे उभ्या, हातात चहाचा कप, आणि मी चौथीत फळ्यासमोर उभी असल्यासारखी झाले. मी मॉनिटरची वायर काढून बसवली. कीबोर्ड बदलला. मदरबोर्डावरचा बटणाएवढा सेल बाजारातून नवा आणून घातला. वीज पुरवणाऱ्या डब्याच्या सगळ्या वायरी उपसून पुन्हा लावल्या. हे सगळं मध्ये एकदाही चालू करून न बघता. मग बटण दाबलं, आणि कॉम्प्युटर सुरू झाला.

"कशाने झालं?" बाईंनी विचारलं.

"सेल असेल," मी म्हटलं.

"असेल म्हणजे?"

तेव्हा साडेअकरा झाले होते. ऊन पार खिडकीतून टेबलावर आलं होतं. त्याचा काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. बाईंनी एक प्रश्नपत्रिका छापायला घेतली, तर प्रिंटरची शाई संपलेली. "उद्या छापू," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो उठला नाही. दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

चार वाजता बायका जमल्या, तेव्हा मी पडवीतच होते. त्यांच्यातली एक मासळी विकणारी मावशी माझ्याकडे बघून म्हणाली, "काय गं, एवढी फी भरतात तुझी, आणि एक डबा चालू होत नाही?"

"तिला बोलू नका," आई म्हणाली. "तिची परीक्षा नाहीये ही. आपली आहे."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण आईने वही उघडली नाही, हे मी पाहिलं. मग ती बाईंना हळूच म्हणाली, "बाई, पेपर नसले तरी चालेल. मी असंच बघेन." मला त्या स्वराची ओळख होती. मागच्या वर्षी निकालानंतर ती असंच बोलली होती.

फाइली हार्ड डिस्कमध्ये असतात, त्या गेलेल्या नसणार, असं मी बाईंना सांगितलं. सांगताना माझीच खात्री नव्हती. पेन ड्राइव्हवर एक प्रत काढून ठेवा, हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. तेही तेव्हाच आठवलं.

दुसऱ्या दिवशी दुकानात दादांना सगळं सांगितलं. दादांच्या समोर एक उघडा लॅपटॉप होता. मान वर न करता त्यांनी ऐकून घेतलं.

"तू कितने चीज बदललेस?"

"चार."

"एकदम?"

"हो."

"मग आता तुला घंटा कळणार कशाने काय झालं." पेचकस खाली ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ऐक कॉलेज. एक टाइमला एकच गोष्ट हलवायची. हलवली की बघायचं. बघितलं की लिहायचं. मग दुसरी. फास्ट काम करायचं असेल ना, तर हेच सगळ्यात फास्ट." मग त्यांनी विचारलं, "सकाळी बंद, दुपारी चालू, असं किती दिवस होतं?"

"आठवडाभर. नंतर पूर्णच बंद."

"थंडीत काहीतरी आखडतंय. नायतर काहीतरी जमतंय. रॅम काढून बघ आधी. पीप वाजतंय आणि तू सेल बदलत बसलीस."

घरी परत येताना बसमध्ये मी वहीत एक यादी केली. पहिली ओळ: रॅम. तेवढ्यावरच थांबले, कारण पुढचं काय ते पहिलं झाल्यावरच कळणार होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंकडे निघण्याआधी मी मोरीजवळ दात घासत होते. आईने खोबरेलाची बाटली धुण्याच्या दगडावर, उन्हात ठेवली होती. आत तेल पांढरं, घट्ट, मेणासारखं. थंडीत आमच्याकडे रोज असंच करावं लागतं. अर्ध्या तासाने ते पातळ झालं, की आई वेणी घालते.

मी त्या बाटलीकडे बघत उभी राहिले. तोंडात फेस तसाच.

आमच्या किनाऱ्यावर खाऱ्या वाऱ्याने लोखंड टिकत नाही. म्हणून पावसाळ्याआधी घरोघर वाटीत खोबरेल घेतात आणि कोंबडीच्या पिसाने घरातल्या धातूला तेल फिरवतात. बिजागऱ्या, कुलपं, कात्री, शिलाई मशीन, विळे, पंपाच्या खोलीतली कडी. आमच्या घरी हे काम माझं आहे. मागच्या मे महिन्यात बाईंचा कॉम्प्युटर मी पहिल्यांदा उघडला होता, नुसती धूळ काढायला. रॅमच्या दोन पट्ट्यांच्या कडेचे धातूचे पिवळे ठिपके मला मळकट दिसले. मी ते पुसले. आणि मग, पुन्हा गंजू नयेत म्हणून, पिसाने त्यांना तेल लावलं. अगदी हलक्या हाताने. चांगलं काम केल्याचं समाधानही वाटलं होतं.

उन्हाळा-पावसाळा तेल पातळ राहिलं, त्यात धूळ बसत गेली. थंडी आली तसं ते सकाळी गोठून पट्टीचा संपर्क तोडायला लागलं, दुपारी विरघळायला लागलं. शेवटी धूळ आणि तेल यांची खळच झाली, ती दुपारीही वितळेना. आठ महिने बाईंचा कॉम्प्युटर चालला होता, हेच नवल.

दादांना फोन करून तेलाचं सांगितलं. ते म्हणाले, "फोडणी पण दिलीस का?" आणि खूप वेळ हसत राहिले. हसून झाल्यावर नीट सांगितलं: दुकानातून सर्किट साफ करायचं स्पिरिट आणि मऊ ब्रश घेऊन जा, आधी पट्टी, मग ती बसते ती खाच, पूर्ण सुकू दे, मग एकच पट्टी एकाच खाचेत.

स्पिरिट आणायला जाऊन येण्यात दुपार झाली. बसमध्ये मी एकच विचार करत होते, की बाईंना सांगायचं का. साफ करून, चालू करून, "झालं" म्हणून निघून येता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. घरात मला सगळे हुशार समजतात, आणि मला माहीत आहे, की ते किती थोड्यावर उभं आहे. पण बाईंनी मागच्या वेळी विचारलं होतं, कशाने झालं. त्याला माझ्याकडे खरं उत्तर नव्हतं. आता होतं.

मी डबा उघडायच्या आधीच सांगून टाकलं. "बाई, हा मीच बिघडवलाय. मे महिन्यात मी याच्या आतल्या पट्ट्यांना तेल लावलं होतं."

बाईंनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा लावला.

"वाटी कोणाची होती?" त्यांनी विचारलं.

"कसली वाटी?" मी म्हटलं.

"तेलाची वाटी माझी होती. तू विचारलंस, बाई, इथे लावू का? मी म्हटलं, लाव, आणि जाता जाता कपाटाच्या बिजागरीलाही लाव." त्या खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. "तुला माहीत नव्हतं, मलाही माहीत नव्हतं. आता तुला माहीत झालंय. काढ बाहेर. मला पण दाखव."

मग आम्ही दोघींनी ते काम केलं. मी वीज बंद केली, वायर काढली, उरलीसुरली वीज जावी म्हणून बटण थोडा वेळ दाबून धरलं. पट्टी काढली. कडेला करडा, चिकट थर. नखाने ओरबाडू नये एवढं मला आता कळत होतं. कापडावर स्पिरिट घेऊन मी ती पुसत गेले, बाई चष्म्यातून बघत, कापड काळं झालं की नवं देत गेल्या. खाचेत ब्रश फिरवायला सर्वांत जास्त वेळ लागला. ब्रशला तीनदा तेलकट धूळ आली, चौथ्यांदा आली नाही. बाईंनी वहीत लिहून घेतलं, "चौथ्यांदा स्वच्छ". मी सांगितलं नव्हतं लिहायला.

सुकायला अर्धा तास ठेवलं. त्या अर्ध्या तासात बाईंनी चहा केला आणि पाव आणला.

एक पट्टी. एक खाच. बटण.

एकच छोटा पीप, आणि पडदा उजळला.

बाईंनी उठून, शाई भरून ठेवलेल्या प्रिंटरमध्ये कागद घातले. मी आधी नऊच्या नऊ प्रश्नपत्रिका पेन ड्राइव्हवर घेतल्या, दुसरी प्रत माझ्या मोबाइलवर घेतली, आणि मगच छापायला लावल्या. दुसरी पट्टीही नंतर तशीच साफ करून बसवली, तीही चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, धुकं असताना, मी मुद्दाम जाऊन बटण दाबून आले. उठला. त्याच्या पुढच्या दिवशीही.

रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे प्रार्थना, आटोपून बाई घरी आल्या आणि दहा वाजता त्यांनी पडवीत परीक्षा घेतली. पाच पाट, मध्ये हातभर अंतर. पर्यवेक्षक म्हणून मला उभं केलं.

"कोणालाही कोणाचं बघू द्यायचं नाही," बाई म्हणाल्या. "आई आहे म्हणून आईलाही नाही."

"ती कसली सोडते मला," आई म्हणाली.

मासळीवाली मावशी पेपर उलटसुलट करून म्हणाली, "बोर्डाचाच वाटतोय की. घाम फुटला मला."

आईने प्रश्नपत्रिका हातात घेतली. पहिली काही मिनिटं ती नुसती बघत होती, पेन टोपणासकट हातात. मी दुसरीकडे बघितलं. माझं बघणं तिला जड होईल असं वाटलं. मी पडवीच्या टोकाला जाऊन उभी राहिले आणि बाहेरच्या केळीकडे तोंड करून घड्याळातली मिनिटं मोजत राहिले. मागे पेनांचा आवाज येत होता, पण कोणाचं कोणतं, ते कळत नव्हतं.

दोन तासांच्या पेपराला पाऊण तास उरला असताना मागून आवाज आला. आईचा. ती बाईंना हाक मारत नव्हती, मला मारत होती, आणि तेही नाव घेऊन नाही.

"मॅडम," ती म्हणाली, "पुरवनी मिळेल का?"

मी वळून पाहिलं. तिने मान वर केली नव्हती. डावा हात पुढे करून, उजव्या हाताने ती शेवटच्या पानाच्या तळाशी, उरलेल्या जागेत, बारीक अक्षरात गणिताच्या पायऱ्या लिहीतच होती. मी बाईंच्या टेबलावरून दोन कोरे कागद उचलले आणि तिला नेऊन दिले.