लाकडी फ्रेम : एकोणीस महिने

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, देवापुढेही शब्दांत नाही. तुम्हाला का सांगतोय? – ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कदाचित.

आधी मोजता येतील अशा गोष्टी सांगतो. त्या मला सोप्या जातात. मी पुलांचा इंजिनिअर. मूळचा साताऱ्याकडचा, सोळा वर्षं लखनौत, त्यातली अकरा वृंदावन योजना वसाहतीतल्या या घरात. बायकोचे, सुनंदाचे, गुडघे चाळिशीतच गेले, आणि इथली जानेवारी तिला सोसेना. डॉक्टर म्हणाले, रोज अर्धा तास गरम पाण्यात बसवा. म्हणून मागच्या पडवीत हॉट टब आला. टबाचं फायबरचं भांडं तयार मिळालं. ते ज्यावर उभं राहणार ती फ्रेम करून घ्यायची होती. लाकडाची की लोखंडाची?

मी तक्ता केला. करणारच. गंज, कूज, वजन, दुरुस्ती. सातशे लिटर पाणी म्हणजे सातशे किलो, अधिक भांडं, अधिक सुनंदा. ती हसली होती – ‘‘तुमच्या पुलांवरून मालगाड्या जातात, माझं काय होणारे!’’ तक्त्यात लाकूड जिंकलं. पाण्याशेजारी लोखंडाचं काय होतं ते मी नोकरीत रोज बघतो.

फ्रेम केली चौक या जुन्या बाजारातल्या रियाज मिस्त्रींनी. साठीचे, हळू बोलणारे. सागवान, सहा पाय, सगळे सांधे खाचेत बसवलेले, एकही खिळा नाही. खाली चारी बाजूंनी वीतभर जागा मोकळी सोडली होती. जाताना म्हणाले, ‘‘साहब, लकड़ी भी साँस लेती है। नीचे की हवा मत रोकिएगा, बस।’’

मी रोखली.

पहिल्याच हिवाळ्यात थर्मामीटर लावून बसलो. अर्ध्या तासात पाणी चार अंशांनी उतरत होतं. वारं खालून येत होतं हे उघड होतं. मी पत्रे आणले आणि माझ्या हातांनी खिळे मारून ती जागा बंद केली. मग दोनच अंश उतरू लागलं. सुनंदा म्हणाली, ‘‘आज कसं शेवटपर्यंत ऊबदार वाटलं.’’ त्या दोन अंशांचा मला फार अभिमान होता.

होळीच्या सुमारास मिस्त्री लाकडाला तेल द्यायला आले. पत्रे बघून थबकलेच. ‘‘ये तो आपने रज़ाई ओढ़ाकर नाक दबा दी, साहब।’’ मी हसलो. काढतो म्हणालो. काढले नाहीत.

दुसरा पावसाळा सरला तेव्हा वास येऊ लागला. मी एक पत्रा थोडा वाकवला आणि मागच्या डाव्या पायात स्क्रूड्रायव्हर दाबला. एकतीस मिलिमीटर आत गेला. पायाची जाडी नव्वद मिलिमीटर. वहीत लिहिलं – मागचा डावा पाय, ३१ मिमी, निरीक्षणाखाली.

निरीक्षणाखाली. आमच्या कामात हा शब्द रोजचा. नोंद केली, सही केली, की मनावरचं ओझं कागदावर जातं. पण पुलावर नोंद झाली की कुणीतरी गाडीचा वेग कमी करतं. माझ्या पडवीत कोण करणार होतं?

का नाही सांगितलं? टब बंद म्हटलं असतं तर तिनं कारण विचारलं असतं. कारण पत्रे. पत्रे माझे. आणि न शिकलेला एक सुतार बरोबर होता, मी चूक – एवढं एक वाक्य. ते सव्वीस दिवस माझ्या तोंडून निघालं नाही. ते सव्वीस दिवस रोज चार वाजता मी तिला हात धरून पाण्यात बसवत होतो. आणि मी डाव्या बाजूला उभा राहत होतो. म्हणजे मला कळत होतं ना?

सत्ताविसाव्या दिवशी मी चहा ठेवायला आत गेलो. आवाज मोठा नव्हता. ऊस मोडावा तसा.

खुब्याचं हाड. दोन ऑपरेशनं. ती दवाखान्यात असताना मी घरी येऊन पत्रे उपटले आणि भंगारवाल्याला दिले. शेजाऱ्यांनी विचारलं तेव्हा म्हणालो, लाकूड कच्चं निघालं.

ती घरी आल्यावर मिस्त्री भेटायला आले. तिची खाट पडवीलगतच्या खोलीत होती, दार उघडं. ते फ्रेमपाशी उकिडवे बसले. जिथं एकही खिळा नव्हता तिथं भोकं होती. बावीस. त्यांनी अंगठा एका भोकावर ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. नंतर माझ्याकडे बघितलं.

आतून सुनंदानं विचारलं, ‘‘मिस्त्रीजी, लकड़ी में ही खोट थी क्या?’’

त्यांची नजर माझ्यावरच होती. माझ्यासाठी थांबले होते. किती वेळ, ते मी मोजलं नाही. आयुष्यात तेवढंच मोजलं नाही.

‘‘लकड़ी तो हमारी ही थी, बहनजी,’’ ते शेवटी म्हणाले. ‘‘माफ़ कर दीजिए।’’

आमच्या सेक्टरमधल्या दोन घरांनी त्यांना सांगितलेल्या फ्रेमा रद्द करून लोखंडाच्या केल्या. कुणीतरी माझा तक्ता मागितला. मी तो दुरुस्त करून दिला : लाकडी फ्रेम, आयुष्य एकोणीस महिने. पत्र्यांचा उल्लेख नाही. तो तक्ता फोनवरून फिरत राहिला. परवा इंदिरा नगरच्या एका मराठी बाईंनी तो मलाच पाठवला – ‘‘भाऊ, हा तुमचाच ना? फार उपयोगी पडला.’’ त्या लाकडाचं खरं आयुष्य किती होतं? आता कुणालाच कळणार नाही. मीच ते कळू दिलं नाही.

गेल्या वर्षी चौकात गेलो होतो. त्यांच्या दुकानात दुसराच माणूस बसला होता. म्हणाला, ‘‘बड़े मियाँ ने काम छोड़ दिया।’’ राहतात कुठे ते मी विचारलं नाही.

खाटेपासून पडवीपर्यंत सुनंदाची पूर्वी चौदा पावलं होत. आता वॉकरचे एकतीस ठोके होतात. दुसऱ्या खोलीत असलो तरी माझ्याकडून ते मोजले जातात. आकडाही एकतीसच का निघावा?

पडवीत खुर्चीवर बसली की कधीकधी ती म्हणते, ‘‘मिस्त्रींवर माझा राग नाही हं. चूक कबूल करायलाही छाती लागते. मी त्यांना केव्हाच माफ केलंय.’’

मी मान हलवतो.