मुरमाखालची बांगडी

घर बांधण्याआधी आमच्या प्लॉटवर माती तपासणीचं बोअर घेत होते. पाच फुटांवर पिवळा, घट्ट मुरूम लागला तसे ठेकेदार आप्पा खूश झाले. "साहेब, पाया इथंच घेऊ. आणखी खाली काय खजिना शोधायचाय?"

पण पंधरा फूट ठरले होते, म्हणजे पंधरा. नवव्या फुटाला काळ्या मातीतून हिरव्या काचेचा तुकडा वर आला.

"फुटकी बांगडी," मी म्हणालो.

"फुटकी म्हणू नये हो, वाढलेली म्हणावं," बायकोनं टोकलं.

मुरमाच्याही खाली बांगडी, म्हणजे मुरूम मूळचा नव्हताच. जुना खड्डा बुजवायला कुणीतरी आणून टाकलेला होता. तुकडा तळहातावर घेऊन मी पाहत राहिलो. पायाला घट्ट लागतं ते सगळं मूळचं नसतं. माणसाची कितीतरी ठाम मतंसुद्धा अशाच दाबून बसवलेल्या भरावावर उभी असतात, आणि खाली पाहायला आपण कचरतो.

तेराव्या फुटाला कातळ लागला.

"तिथवर पाया न्यायचा तर तुमच्या पैशांत वरचा मजला बसणार नाही," आप्पा म्हणाले.

लेकीची खोली वरच ठरली होती. मी बायकोकडे पाहिलं. तिनं माझ्या हातातला तुकडा उचलून पदराच्या टोकात बांधला.

"मजला मागाहून बघू," ती म्हणाली. "आप्पा, पाया कातळापर्यंत वाढवा."