रविवारच्या वर्गातलं गाऱ्हाणं

माझ्या नाकावर राग असतो, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन पेडण्याहून कारापूरला आले तेव्हा सासूनं आठ दिवसांत ते ओळखलं. नवरा तर अजूनही, मी चहाचा कप जरा जोरात ठेवला की विचारतो, "आज कोण नापास?" त्याला उत्तर नको असतं, नुसतं चिडवायचं असतं.

डिचोलीकडच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवत होते. गोवा घटकराज्य व्हायचा होता आणि भाषेचा वाद पेटला होता. मराठी की कोंकणी, यावरून सख्खे भाऊ एकमेकांशी बोलेनासे झाले होते. गंमत म्हणजे घरात सगळ्यांची बोली एकच, मिसळीची. माझी सासू कोंकणीत रागवायची, मराठीत पोथी वाचायची आणि पोदेर पाव घेऊन दारात आला की दोन्हींत घासाघीस करायची. मी स्वतः मराठीच्या बाजूची. तेव्हाही होते, आजही आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

एक दिवस प्राचार्यांनी बोलावलं. ते माझ्याच पेडण्याकडचे, गोड बोलून काम गळ्यात घालण्यात पटाईत. म्हणाले, "मॅडम, आपली मुलं उद्या राजकारणात जातील, कोर्टात जातील. पण चार माणसांसमोर उभी राहिली की ह्यांचे पाय लटपटतात. तुम्ही त्यांना नेतृत्व शिकवा." झालं! दर रविवारी सकाळी वरच्या मोठ्या खोलीत माझा वर्ग सुरू झाला. आमची राज्यशास्त्राची मुलं यायची, आणि शहरात कायदा शिकणारी, रविवारी घरी आलेली डिचोली-पेडण्याचीही यायची.

नेतृत्व म्हणजे काय, याबद्दल मला तेव्हा काडीचीही शंका नव्हती. नेता म्हणजे आवाज. मी एकेकाला जनेलापाशी, म्हणजे खिडकीशी, उभं करायची आणि सांगायची, असं बोल की खाली फाटकावरच्या रखवालदाराला ऐकू गेलं पाहिजे. दहापैकी गुण द्यायची आणि ते एका लाल वहीत लिहायची. अडखळला की गुण गेला, खाली बघितलं की गुण गेला. "मला काय वाटतं ते मी ठणकावून सांगतो, हे ज्याला जमत नाही त्यानं दुकान टाकावं," असं मी म्हणायची. दुकान टाकणं सोपं असतं असं मला तेव्हा वाटायचं.

वर्गात सगळ्यांत वरचढ होता एक कायद्याचा विद्यार्थी, पेडण्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा. काय आवाज त्याचा! बोलायला लागला की खाली रखवालदार विडी विझवून ऐकत उभा राहायचा. त्याला मी नऊ गुण दिले होते. दहावा राखून ठेवला, नाहीतर पोरगं शेफारलं असतं.

दुसरी एक होती नार्व्याची मुलगी, दुसऱ्या वर्षाची. तिचे वडील गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचे. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे साऱ्या गावाच्या वतीनं देवाशी बोलणं. एकानं पुढं होऊन बोलायचं, आणि ओळीगणिक मागच्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून होकार द्यायचा. तिला मी विषय दिला, खाणीच्या ट्रकांची धूळ. म्हटलं, आता ही पेटणार. कसलं काय! ती सुरू झाली ती माणसं मोजत. त्या रस्त्यानं शाळेत जाणारी मुलं, दारात बसणाऱ्या म्हाताऱ्या, मिरच्या वाळत घालणाऱ्या बायका, आणि मग म्हणे ट्रकवाला, त्यालाही पोट आहे, तोही धूळच खातो. तिची चालच अशी होती की मागच्या बाकावरून कुणाच्या तरी तोंडून सवयीनं निघून गेलं, "व्हय म्हाराजा!" मग सगळा वर्गच म्हणायला लागला. ती म्हणतेय आणि हे सूर लावताहेत.

मी भडकले. "हे देऊळ आहे का? मुद्द्यावर ये! ट्रकवाल्याची वकिली तुला कुणी सांगितली? तुझं मत काय ते बोल."

ती शांतपणे म्हणाली, "म्हजें एकटीचें मत सांगून काय उपेग, मॅडम?"

दहापैकी तीन. आणि सगळ्यांसमोर वर म्हटलं, "तुझ्यात तो गुणच नाही गं बाई." ती जाऊन जागेवर बसली. त्यानंतर कधी बोलायला उठली नाही, पण वर्ग मात्र एकही चुकवला नाही.

आणि तिसरा होता सिंधुदुर्गातून आलेला मुलगा, शेवटच्या वर्षाचा. बाप खाणीवर ट्रक चालवायचा. हा सकाळी साखळी गावातल्या एका गॅरेजात ट्रक दुरुस्त करायचा आणि तिथून थेट कॉलेजात यायचा. नखं कायम काळी. मी एकदा म्हटलंही, "हात धुऊन येत जा रे." तो ओशाळून म्हणाला, "धुतलंय मॅडम. जायत नाय." घरातला बी.ए.पर्यंत आलेला तो पहिलाच. पुढं त्याला वकील व्हायचं होतं.

एका शनिवारी प्राचार्यांनी फाटकावर कॉलेजच्या नावाची नवी पाटी लावली, कोंकणीतली. रविवारी ती बघून माझं डोकं तडकलं. वर्गात आले आणि तासभर तोंड सोडलं. त्या तासाचं शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे, विसरता आलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हटलं, "नको असलेली पाटी रोज मुकाट वाचत आत येतो, तो कसला नेता?"

सोमवारी सकाळी पाटीला डांबर फासलेलं होतं.

त्याच दिवशी संध्याकाळी तो नऊ गुणांचा मुलगा माझ्या घरी आला, घेतलेलं पुस्तक परत करायला. शहरात का गेला नाहीस म्हणून विचारलं, तर म्हणाला बरं नव्हतं. पुस्तक माझ्या हातात देताना वास आला घासलेटाचा. हात स्वच्छ होते, नको इतके स्वच्छ, बोटं घासून लाल झालेली. डांबर काढायला घासलेटच लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्यानं माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग मी त्याला चहा दिला आणि पाव दिला. त्या विषयावर तोही बोलला नाही आणि मीही नाही.

बुधवारपर्यंत रखवालदाराला आठवायला लागलं की त्यानं काळे हात बघितले होते. काळे हात कॉलेजात एकाचेच. शिवाय तो बाहेरचा, सिंधुदुर्गातला, म्हणजे मराठीवाला असणारच. तिकडून येऊन इथं भांडणं लावतात, असं स्टाफरूममध्ये लोक बोलू लागले. प्राचार्यांनी ठरवलं, रविवारी सगळ्या वर्गासमोर चौकशी करायची, आणि त्यानं कबूल केलं नाही तर त्याला परीक्षेला बसू द्यायचं नाही. म्हणजे त्याचं वर्ष गेलं. त्याच्या घरात वर्ष जाणं म्हणजे कॉलेजच गेलं, बाप त्याला दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवणार.

घरी मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी?"

"तुम्हाला काय कळतं त्यातलं!" मी अंगावर गेले. "पोलिसात गेलं तर त्या पेडण्याच्या मुलाला वकिलीची सनद मिळणार नाही. अख्खं आयुष्य आहे त्याचं."

"आणि दुसऱ्याचं?" एवढंच बोलून तो अंगणात निघून गेला. त्याचा मला इतका संताप आला की मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. खरं होतं म्हणून संताप आला.

आणि खरं सांगायचं तर मला त्या मुलाच्या सनदीची काळजी होती, पण तेवढीच नव्हती. तो बोलला असता तर माझं ते वाक्यही बाहेर आलं असतं. मला भीती वाटत होती, स्वतःची.

रविवारी मेजाच्या एका बाजूला प्राचार्य, दोन प्राध्यापक आणि मी. समोर सगळा वर्ग, आणि पुढं तो सिंधुदुर्गाचा मुलगा, हात मागं लपवून उभा. प्राचार्यांनी हात दाखवायला सांगितले.

"सर, ह्यां डांबर न्हय. ग्रीस आसा."

"काळं ते काळंच," प्राचार्य म्हणाले. मग वर्गाकडे बघून म्हणाले, "ह्याच्या बाजूनं कुणाला काही बोलायचं आहे?"

मी माझ्या नऊ गुणांकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. सात गुण, आठ गुण, सगळे जनेलाबाहेर बघत होते. अख्खं वर्ष मी ज्यांच्याकडून आवाज काढून घेतला होता, त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. आणि माझ्या तरी कुठं फुटत होता?

तेव्हा ती नार्व्याची पुढं आली. प्राचार्यांकडे तिनं बघितलंच नाही. भिंतीवर सरस्वतीची तसबीर होती, तिच्याकडे तोंड करून तिनं हात जोडले आणि तिच्या वडिलांच्या चालीत सुरू केलं.

"बा म्हाराजा, आज हो रविवारचो वर्ग तुज्या पायांकडे उबो रावला."

क्षणभर कुणाला काही कळेना. मग मागून एक आवाज आला, दबकत. "व्हय म्हाराजा."

प्राचार्य खुर्चीवरून उठून उभे राहिले. ते ठरवून उठले नसणार. गाऱ्हाणं सुरू झाल्यावर बसून राहणारा माणूस आमच्या पेडण्यात जन्माला यायचाय. मग आम्ही सगळेच उठलो.

"ह्यांत घरचो आसा, दारचो आसा, पोट भरूंक न्हंयपल्याडसून आयिल्लोय आसा. सगळीं तुजींच लेकरां." नदीपलीकडून आलेला म्हणजे कोण, हे सगळ्यांना कळलं.

"व्हय म्हाराजा."

"जे उलयतात ते, आनी जांच्या तोंडांतसून उतर फुटना तेय, सगळ्यांक पदरांत घे."

"व्हय म्हाराजा!" आता सगळा वर्ग म्हणत होता.

"पाटयेक काळें लागलां, तें एकल्याचें न्हय म्हाराजा, सगळ्या वर्गाचें. आमचें चुकलें-माकलें पोटांत घाल. पूण जाणें केलें ना, ताचेर हात पडूंक दिवूं नाका."

"व्हय म्हाराजा!"

शेवटच्या होकाराला एक आवाज मधेच चिरकला. तो आवाज मी हजारांत ओळखला असता. वर्षभर मीच तो घडवला होता.

प्राचार्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. समोरचा कागद घडी करून खिशात टाकला. आता शिक्षा करायची तर सगळ्या वर्गाला करायला हवी होती, आणि गाऱ्हाण्याला होकार दिलेल्या माणसांतून एकाला वेगळं काढायचं धाडस त्यांच्यात नव्हतं. मला वाटतं त्यांना ते नकोच होतं. म्हणाले, "चुकलं सगळ्यांचं ना? मग पाटी सगळ्यांनी मिळून साफ करा. आणि ह्याला परीक्षेचा फॉर्म द्या." मुलं धडाधडा जिना उतरली. तो पेडण्याचा मात्र मागं राहिला आणि प्राचार्यांच्या खोलीत गेला. आत काय बोलला ते मला दोघांनीही कधी सांगितलं नाही. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते, आणि तो सरळ खाली जाऊन सगळ्यांत जास्त घासत होता.

मी खोलीत एकटीच राहिले. लाल वही समोर होती. ती मुलगी खडूचा डबा न्यायला परत आली. मला तिला शाबास म्हणायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, पण मास्तरकीची सवय वाईट. मी विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

"बाबा म्हणतात, गाऱ्हाणें घालपी स्वताखातीर कांयच मागना." मग खडूचे तुकडे डब्यात भरत म्हणाली, "मॅडम, तुमी व्हय म्हणूंक ना."

तिनं बघितलं होतं. त्या खोलीत प्राचार्यांपासून सगळ्यांनी होकार दिला होता. उभी राहून, हात जोडून, ओठ मिटून राहिलेली एकटी मीच.

तिनं डबा उचलला आणि दारातून वळून, अगदी समजूत घालावी तशी म्हणाली, "पूण तुमकां घेतिल्लीं हांवें गाऱ्हाण्यांत. उतर फुटना त्यांत." ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, त्यांच्यात मी.

मी पदर खोचला आणि खाली गेले. पाटी निम्मी साफ झाली होती. त्या सिंधुदुर्गाच्या मुलाच्या शेजारी थोडी जागा होती. त्यानं आपल्या घासलेटाच्या फडक्यातला अर्धा फाडून मला दिला. जी पाटी मला वाचायचीही नव्हती, ती मी अक्षर अक्षर घासून लख्ख केली.

घरी गेले तेव्हा हातांना घासलेटाचा वास येत होता. साबण लावून तीनदा धुतले तरी जाईना. नवरा अंगणात बसला होता. मी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवला, हळूच ठेवला, तरी त्यानं विचारलंच.

"आज कोण नापास?"

"मी," म्हटलं.