दोन फेर जास्त

अकोल्याच्या जुन्या शहरात दोरखंडांच्या एका चिंचोळ्या दुकानात एक चाचा बसलेले असायचे. नाव मी विचारलं नाही. नांदगावकडच्या आमच्या तलावात वाऱ्यानं नांगराची गाठ सुटली आणि मासेमारीची नाव भरकटली, म्हणून मी नायलॉनचा नवा दोर आणि नांगराची साखळी घेऊन त्यांच्याकडे गेलो होतो.

"दोराले साखळी पक्की बांधून द्या, चाचा. चांगली गाठ मारा."

"गाठ कायले? गाठीनं दोर कमजोर होते, भाऊ. गुंफून देतो."

साखळी पायाच्या अंगठ्यात अडकवून त्यांनी दोराचे तीन पेड उकलले, शेवटच्या कडीतून ओवले आणि लाकडी टोच्यानं वाट करत एकेक पेड दोरातच परत गुंफायला घेतला. फेर पुरा झाला की डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवायचे. पाच फेर झाल्यावर पेडांची टोकं जाळून चिकटवायला त्यांनी मेणबत्ती पेटवली आणि सहज विचारलं, "नावेत कोन राह्यते?"

"मी अन् माहा लहान भाऊ."

"पोहता येते?"

"मले येते. त्याले नाही."

चाचांनी फुंकर मारून मेणबत्ती विझवली आणि टोचा परत उचलला. "मंग बसा जराक. अजून दोन फेर घेतो."

भावाला पोहायला शीक म्हणून किती सांगितलं, ऐकतच नाही. आता मी त्यावर बोलणंच सोडलंय. रोज नांगर टाकताना सात फेरांवरून तेवढा अंगठा फिरवतो.