उपाशीपोटी खर्रा

माझा मोठा भाऊ शेतात निघालेला साप काठीवर उचलून धुऱ्यापलीकडे सोडून येतो. पण दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरून तो दोनदा पळाला होता. दुसऱ्या खेपेला हिरडीत टोचायची सुई दिसली, तसा गळ्यातल्या कागदी रुमालासकट तो बाभुळगावच्या ऑटोत जाऊन बसला.

या वेळी पळून चालणार नव्हतं. अक्कलदाढेत पू झाला होता आणि गालाची सूज जबड्याखाली उतरू लागली होती. गोळ्यांनी ती जरा थांबली होती. यवतमाळच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, की थांबली आहे तोवरच दाढ काढू; सूज घशाकडे गेली तर श्वास कोंडेल.

भीतीवरचे उपायही त्यांनी सांगितले. एक, मन शांत करणारी गोळी. दुसरा, नाकावर मास्क लावून द्यायचा वायू; तो त्यांच्याकडे नव्हता, नागपूरला जावं लागलं असतं. तिसरा, शिरेतून औषध देऊन गुंगी आणायची. त्यासाठी भूलतज्ज्ञांना बोलवावं लागतं. भावानं तिसरा निवडला. वजन विचारल्यावर त्यानं सत्तर किलो सांगितलं. औषध वजनावर ठरतं, अंदाजावर नाही, म्हणून मी त्याला काट्यावर उभं केलं. बासष्ट भरलं.

खाणं सहा तास आधी बंद, पाणी दोन तास आधी. गुंगीत उलटी होऊन पोटातलं श्वासनळीत गेलं तर जिवावर बेतू शकतं, हे बाईंनी त्याच्यासमोरच सांगितलं. आदल्या रात्री तो आणि वहिनी यवतमाळला आमच्याकडे राहिले. सकाळी त्यानं चहा घेतला नाही, पाण्याचा थेंब घेतला नाही. दात घासतानाही पाणी पोटात जाऊ नये म्हणून नळावर पार वाकला होता. माझी खात्री पटली.

दवाखान्यात भूलतज्ज्ञांनी त्याच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. हाताच्या शिरेत सुई गेली, तेव्हा त्यानं डोळे मिटून घेतले. सकाळपासून काही खाल्लं का, असं विचारल्यावर त्यानं नुसती नकाराची मान हलवली. सुजेमुळे बोलत नसेल, असं मला वाटलं. मग त्याचा दुसरा, चांगला गाल हलला. जीभ आतून काहीतरी सरकवत होती. आमच्याकडे हे कुणाला ओळखू येत नाही?

बोललो तर आजचं रद्द होणार, आणि चौथ्यांदा तो येणार नाही, हे मला माहीत होतं. तिकडे औषधाची सिरिंज उचलली गेली होती.

"थांबा," मी म्हणालो. "दादा, तोंडात काय आहे?"

त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं आणि खुर्चीशेजारच्या भांड्यात खर्ऱ्याचा, तंबाखू-सुपारी-चुन्याचा लगदा थुंकला. कधीपासून, असं बाईंनी विचारलं. दात घासल्यापासून, तो म्हणाला. त्याला खरोखरच नवल वाटत होतं.

"खर्रा का खानं असते? एकादशीले बी चालते."

त्यात लबाडी नव्हती. निर्जळी उपास करणारी माणसंही आमच्याकडे खर्रा घोटून घेतात. मी चहा अडवला, पाणी अडवलं. खर्रा माझ्याही मनात आला नव्हता.

भूलतज्ज्ञांनी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. रस पोटात गेला आहे, सुपारीचे कण घशात असू शकतात. आज गुंगी नाही, उद्या सकाळी तोंडात काहीही न ठेवता या, म्हणाले. भाऊ दाराकडे पाहू लागला. मी दारात जाऊन उभा राहिलो.

"म्हंजे उद्या उठल्यापासून खर्रा नाई?" त्यानं विचारलं.

"नाही."

माझ्यामागून, बाहेरच्या बाकावर बसलेली वहिनी म्हणाली, "लग्नात बी मुंडावळ्याआड खर्राच चालू होता याईचा. उद्याचं काई खरं नाई."

तो खुर्चीत पुन्हा मागे टेकला.

"मंग आजच काढून टाका," तो म्हणाला. "जागेपनीच."

बाईंनी पुन्हा विचारून खात्री केली, त्याला चुळा भरायला लावल्या, कापसानं तोंड पुसून घेतलं. हिरडीत सुई टोचली जात असताना त्यानं माझा हात असा धरला की अंगठी रुतली. बोटाचा चिमटा अजून तसाच होता. मी यंत्रावरचा नाडीचा आकडा पाहत राहिलो. तो एकशे चाळीसच्या वर गेला, तिथेच राहिला, आणि दाढ ट्रेमध्ये पडल्यावरही लवकर उतरेना.

जखम भरेपर्यंत खर्रा बंद, असं बाईंनी बजावलं. तोंडात बोळा असल्यामुळे त्याला वाद घालता आला नाही. त्यानं खिशातली खर्ऱ्याची पन्नी काढून माझ्या हातात ठेवली. ऑटोत बसेपर्यंत त्याची नजर माझ्या खिशावर होती.