सतरा तारखेचा नाताळ

माझं लग्न मिरजेत झालं, एकाहत्तरच्या मे महिन्यात. लग्नानंतर अठराव्या दिवशी यांची रजा संपली, हे पलटणीत परत गेले आणि मी कोयनानगरला सासू-सासऱ्यांजवळ राहिले. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची. ते धरणाच्या वर्कशॉपात रंगारी होते. सासूबाई राहीबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. वसाहतीतल्या दवाखान्यात त्या आया होत्या. ही गोष्ट त्यांचीच आहे. मी आपली मधेमधे येईन.

आत्याबाई ठेंगण्या होत्या, पण चालायच्या अशा, की बरोबरीनं जायचं तर मला पळावं लागे. कुठलीही वस्तू त्यांच्या हातून केरात गेलेली मी पाहिली नाही. दवाखान्यात कापसाची गुंडाळी फोडली की तिच्याभोवतीचा निळा कागद त्या सिस्टरला विचारून घरी आणत आणि गादीखाली सपाट करून ठेवत. चहाच्या पुड्यातली चांदी नखानं घासून घासून आरशासारखी करत. कशासाठी, ते मला पहिल्या वर्षी कळलंच नाही. त्या डिसेंबरात लढाई लागली होती, खिडक्यांना काळे कागद होते, हे सरहद्दीवर होते. तो नाताळ आम्ही तिघांनी गुडघ्यावर बसून प्रार्थनेत काढला.

बाहत्तर साली श्रावणात रेशनची साखर आली. आत्याबाईंनी तिच्यातल्या दोन मुठी काढून डालड्याच्या डब्यात टाकल्या, झाकण दाबून बसवलं आणि डबा उतरंडीच्या मागे सरकवला.

"ही कशाला हो?" मी विचारलं.

"नाताळाला."

"आत्याबाई, अजून चार महिने आहेत!"

"चारच ऱ्हायल्यात," त्या म्हणाल्या. "मानसिंगाला यंदा रजा मिळंल म्हंत्यात. पलटण हालायची हाय. यंदाचा सण लय मोठा करायचा, पोरी. पर घरातल्या घरात."

त्या दिवसापासून मामंजींना गुळाचा चहा सुरू झाला. पहिला घोट घेऊन त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "लागला म्हणायचा नाताळ," म्हणाले आणि गुपचूप कप रिकामा केला.

इतक्या लवकर का सुरुवात करायची, ते आत्याबाईंनी एकदा दुपारी वाकळीसाठी जुन्या लुगड्यांचे काठ उसवताना सांगितलं. सदुसष्ट साली डिसेंबरात भूकंप झाला. पहाटे घर खाली बसलं. तिघंही जिवंत बाहेर आली. मानसिंग तेव्हा सतरा-अठरा वर्षांचा होता. दोन आठवड्यांनी नाताळ आला, तेव्हा ही सगळी ताडपत्रीखाली होती.

"सणादिवशी पोराच्या तोंडात गोड म्हणून काय घातलं, ठावं हाय? दवाखान्यातली ग्लुकोजची पुडी. डॉक्टरीणबाईंनी दिली. पोरगं म्हनलं, आई, ह्यो नाताळ दुखणेकऱ्याचा हाय." आत्याबाई हसल्या. मग दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "तवा ठरवलं. सण दारात येऊन हुबा ऱ्हायल्यावर धावाधाव करायची न्हाई. आपन अगुदरच तयार ऱ्हायाचं."

मी मिरजेची. आमच्याकडे नाताळ म्हणजे बेकरीतून आणलेला केक, वर पांढरी नक्षी. हे मी जरा तोऱ्यातच सांगितलं असणार. आत्याबाईंनी उसवणं थांबवलं.

"केकाला लागतं काय?"

"रवा, अंडी, साखर, लोणी... पण भट्टी लागते."

"भट्टीत काय असतंय? वरनं-खालनं धग. व्हय न्हवं? मग ती चुलीवर हुईल की!"

झालं. दुसऱ्या दिवशी मामंजींनी नदीची पाटीभर वाळू आणली. जुन्या पातेल्यात वाळू तापवायची, तिच्यावर केकाचं भांडं ठेवायचं, वर ताट झाकून ताटावर निखारे. साखर मोडायची नाही म्हणून सरावाचा केक गुळाचा. अंडी घरच्या कोंबड्यांची. तासाभरानं भांडं उपडं केलं, तर जे खाली पडलं त्याचा जमिनीवर ठक्कन आवाज झाला.

आमच्या शेजारी दगडाबाई राहायच्या, त्यांचा मुलगा धरणावर वीजतंत्री होता. आवाज ऐकून त्या दारात आल्या. केक उचलून त्यांनी उंबऱ्यावर आपटून पाहिला.

"राहीबाई, ह्याला माझंच नाव ठिवा," त्या म्हणाल्या.

आत्याबाई इतक्या हसल्या, की पदरानं डोळे पुसावे लागले. पण हट्ट सोडला नाही. दसऱ्यानंतर दुसरा सराव झाला. या वेळी ताक आणि चिमटीभर खायचा सोडा घातला. तो निदान सुरीनं कापला गेला. तिसरा नोव्हेंबरात, तो फुगला. फुगलेला केक पाहायला आमच्या लाईनीतल्या चार बायका आल्या, आणि आत्याबाईंनी प्रत्येकीला बोटाएवढा तुकडा दिला.

तोवर घर नाताळानं भरून गेलं होतं. लुगड्यांच्या दोन वाकळी शिवून झाल्या होत्या. मी दोन फाटक्या स्वेटरांची लोकर उसवून, धुऊन, यांच्यासाठी मफलर विणला, एक पट्टा निळा, एक करडा. वीज जायची तेव्हा जळून उरलेले मेणबत्त्यांचे तुकडे आत्याबाईंनी वर्षभर साठवले होते. ते वितळवून कळकाच्या पेरांत ओतले, आणि पेरं फोडल्यावर आतून मनगटाएवढ्या जाड मेणबत्त्या निघाल्या. अनारशांचं पीठ गुळात मळून बरणीत बसलं. मामंजींनी कळकाच्या कामट्यांची पाच टोकांची चांदणी बांधली, आणि गादीखालचे निळे कागद तेव्हा बाहेर आले. कडेला चहाच्या पुड्यांची चांदी. आतला दिवा लावून पाहिला, तर आमची पत्र्याची खोली तळ्यात बुडाल्यासारखी निळी झाली. मी टाळ्या पिटल्या. एकवीस वर्षांची होते मी, पण पिटल्या.

डिसेंबरच्या पाच तारखेला यांचं पत्र आलं. मीच वाचून दाखवत होते. रजा मंजूर झाली, बाराला पोचतो, इथपर्यंत माझा आवाज चढत गेला. पुढची ओळ मी मनातच वाचली.

"काय गं? पुढं वाच."

"एकोणीसला निघायचंय. नाताळाला पलटणीत हजर राहायचंय."

मामंजी उठून बाहेर गेले. मला रडू आवरेना. आत्याबाईंनी चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मग म्हणाल्या, "बाराला येतंय न्हवं? सात दिस ऱ्हातंय. आपलं तर समदं तयार हाय."

"पण नाताळ पंचवीसला!"

"मग त्याला जरा अलीकडं आणू."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दवाखान्यातून सुट्टी घेतली आणि पहिल्या एसटीनं मला घेऊन कराड गाठलं. आमचे पाळकसाहेब तिथं राहायचे, महिन्यातून एकदा कोयनेला उपासनेला यायचे. आत्याबाईंनी सलाम केला आणि उभ्या उभ्याच सांगितलं, "साहेब, औंदा आमच्याकडं नाताळाची उपासना सतरा तारखेला घ्या."

पाळकसाहेबांना वाटलं, बाईंचा काहीतरी गोंधळ झाला आहे. "राहीबाई, नाताळ पंचवीसला असतो."

"ते मला ठावं हाय. पर पोरगं एकोणीसला जातंय. आवं साहेब, एक इचारू? शास्त्रात पंचवीस तारीख लिवलीया का? असंल तर दावा, मी अशीच माघारी जाते."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकानं पुसला, परत लावला. "नाही," ते म्हणाले. "तारीख लिहिलेली नाही."

"मग?"

ते मोठ्यानं हसले. "सतराला रविवार आहे. इथली उपासना सकाळी उरकून दुपारच्या गाडीनं येतो. मला अनारसे ठेवा म्हणजे झालं."

परतीच्या गाडीत घाटाच्या वळणांवर आत्याबाई माझ्या अंगावर कलंडत होत्या आणि मला कामं सांगत होत्या. पीठ बाराला काढायचं. कोंबड्यांना जास्त दाणे घालायचे. दगडाबाईची मोठी कढई मागायची. मला ऐकूच येत नव्हतं. बारा तारखेला किती दिवस उरले, ते मी मोजत होते.

बारा तारखेला चारच्या गाडीला मी मामंजींबरोबर स्टँडवर गेले. गाडी आली, माणसं उतरली. एक उंच, रापलेला, मोठ्या मिशांचा जवान काळी ट्रंक घेऊन उतरला आणि मामंजींच्या पाया पडला. मी मागेच उभी. लग्नात यांना मिशा नव्हत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, थोडं थांबून विचारलं, "सुवार्ताच न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. मिरजेचं सगळं शुद्ध बोलणं त्या क्षणी कुठं गेलं, देव जाणे. "आन् तुमी?"

मामंजी तोंड फिरवून हसायला लागले.

घरी आल्यावर हे दारातच थबकले. चांदणी लागलेली, नव्या वाकळी अंथरलेल्या. "आई, आज किती तारीख हाय?"

"तुझी तू मोज," आत्याबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं. त्यासाठी त्यांना चवड्यांवर उभं राहावं लागलं.

सोळाला शनिवारी दुपारी खरा केक चुलीवर चढला. डालड्याचा डबा रिकामा झाला, रवा दोनदा चाळला, दगडाबाई पाटावर बसून सल्ले देत होत्या. अर्धा तास झाला असेल. तेवढ्यात जमिनीखालून ट्रक गेल्यासारखी घरघर झाली आणि पत्रे वाजायला लागले. कोयनेत राहिलेल्या माणसाला ते सांगावं लागत नाही. "बाहेर!" मामंजी ओरडले. सगळी लाईन अंगणात. दगडाबाईंना मी दंडाला धरून ओढलं. मोजून पाहिलं, सगळे होते, फक्त हे नव्हते.

आत्याबाईंच्या चेहऱ्याचा रंग उडाला. "मानसिंगा!"

दारातून हे बाहेर आले. हातात गोणपाटानं धरलेलं पातेलं, वाळूसकट, वरच्या ताटात निखारे तसेच लाल.

"मुडद्या!" आत्याबाई किंचाळल्या. "केकापायी जीव देतो व्हय रं?"

"आई, दीड वर्स तोफा ऐकल्यात," हे धापा टाकत म्हणाले. "आन् तू चार म्हयने हे साठवलंस."

धक्का तोवर थांबला होता, लहानसाच होता. आत्याबाईंनी त्यांच्या पाठीत दोन गुद्दे घातले. मग पातेलं अंगणातच दगडांवर ठेवायला लावलं आणि तिथंच केक पुरा केला. सगळी लाईन भोवती उभी. झाकण काढलं, तर केक मधोमध खळग्यासारखा बसला होता. मला वाईट वाटलं. आत्याबाईंनी जाड मेणबत्ती आणली आणि त्या खळग्यात उभी केली. कुठंही न कलता बसली.

सतराला पाळकसाहेब आले. अंगणात सतरंज्या पडल्या. मामंजींनी ढोलकी घेतली, यांनी टाळ, आणि भजनाला असा रंग चढला, की वर्कशॉपातले लोक येऊन मागे बसले. त्यांतल्या निम्म्यांना वाटत होतं, आज खरंच नाताळ आहे. पाळकसाहेब बोलायला उभे राहिले आणि एवढंच म्हणाले, "मेंढपाळांना कुणी तारीख कळवली नव्हती. बोलावलं आणि ते निघाले." केकाचे बेचाळीस तुकडे झाले. दगडाबाईंनी आपला तुकडा चावून पाहिला आणि सगळ्यांना सांगितलं, "आता माझं नाव काढून घ्या!"

यांनी पहिला घास खाल्ला. "मिरजेचा हाय का गं?" मला विचारलं.

"कोयनेचा," मी म्हटलं.

एकोणीसला हे गेले. ट्रंकेत उरलेले अनारसे, गळ्यात मफलर. मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिले. रडले, पण गेल्या खेपेसारखं नाही. पंचवीसला आत्याबाईंनी डॉक्टरीणबाईंना सांगून दवाखान्यातल्या केरळच्या सिस्टरला नाताळाची सुट्टी मिळवून दिली आणि तिची जमतील ती कामं स्वतः केली. संध्याकाळी घरी येऊन भाकरी-आमटी खाल्ली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्याच झोपल्या.

जानेवारीत यांचं पत्र आलं. अनारसे पलटणीत वाटले होते. म्हसवडचा सिद्धू म्हणून एक दोस्त होता, धनगराचा. त्यानं एकट्यानं सहा खाल्ले आणि म्हणाला, ह्या म्हातारीला बघायला पायजे.

तो खरोखर आला. त्र्याहत्तरच्या मे महिन्यात, आपल्या रजेतले दोन दिवस काढून. दुष्काळानं म्हसवडकडची कुरणं करपली होती, अर्धी मेंढरं विकून टाकली होती, आणि तरी त्याच्या खांद्यावर घडी केलेली नवी घोंगडी होती, त्यांच्या घरच्या लोकरीची. ती त्यानं आत्याबाईंच्या पायाशी ठेवली. "आईनं दिलीया," एवढंच म्हणाला.

आत्याबाईंनी घोंगडी उचलली, वास घेतला, आणि भर उन्हाळ्यात, पत्रे तापलेले असताना, अंगभर पांघरली. मग तशाच घामाघूम होत लाईनीतल्या प्रत्येक दारात दाखवत गेल्या, आणि मी त्यांच्या मागून पळत होते.