कोरड्या तारांवर वाजलेली घंटा

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्या मुलींना मी वर्गाबाहेर उभं करते. पालघरजवळच्या माहीमला वीस वर्षं विज्ञान शिकवतेय. त्यामुळे हे लिहिणं मलाच अवघड जातंय... तरी लिहिते.

गेल्या वर्षी शाळेच्या प्रदर्शनासाठी अकरावीतली हिरा म्हणाली, "बाई, होडीत पाणी भरलं की वाजंल अशी घंटा करूया? आमच्या बाची होडी जुनी हाय."

कल्पना सोपी – तळाशी दोन तारा, खारं पाणी चढलं की सर्किट पूर्ण. पण पाण्यातून जाणाऱ्या क्षीण प्रवाहावर घंटा हलेचना. तारांना पत्र्याचे तुकडे जोडले, सेल वाढवले... नाही. शेवटी पालघरच्या रेडिओवाल्याकडून प्रवाह वाढवणारा ट्रान्झिस्टर आणला. मग मात्र समुद्राच्या पाण्यात तारा बुडताच घंटा खणखणली.

हिराचा बा बघायला आला. "झ्याक हाय, बाई. पन नारळी पुनवेला होडीची पूजा झाली. आता वरीसभर तिला खिळा ठोकायचा नाय. आमच्या घरची रीत हाय."

"मंग बुडाल्यावर ठोक," हिरा फणकारली.

"आदी तुज्या तोंडाला बांध ती घंटा!" तो हसत गेला. घंटा शाळेतच राहिली.

आठवड्याने, दुपारी तीन वाजता, चाचणी संपवून हिराने तारा पुसल्या. बादली रिकामी केली. सेल मी स्वतः काढून ड्रॉवरमध्ये ठेवले. आणि घंटा वाजायला लागली.

मी तारा चाचपल्या. कोरड्या. घंटेवर हात ठेवला – थरथरत होती.

"बाई, बाच्या होडीत पानी भरतंय! मी बंदरावर जाते, दुसऱ्या होड्या पाठवाया सांगते."

बंदर दहा मिनिटांवर. मी म्हणाले, "खुळ्यासारखं बोलू नकोस. बस. आधी निरीक्षण लिही."

ती रडत लिहीत राहिली. वीसेक मिनिटांनी घंटा थांबली.

संध्याकाळी बाबरोबर होडीवर गेलेला तिचा काका एकटाच पोहत किनाऱ्याला लागला. तीनच्या सुमाराला तळाची फळी सुटली, म्हणाला. बा बराच वेळ पाणी उपसत होता. तो तिसऱ्या दिवशी सापडला.

मी सर्किट सांधा न् सांधा सोडवून पाहिलं. तारापूरला अणुवीज केंद्र बांधतायत, तिथल्या एका इंजिनिअरलाही दाखवलं. "सेल राहिले असतील आत," तो म्हणाला. नव्हते राहिले.

हिरा आता आईबरोबर मासळी विकते. मला बघून मान फिरवते. तिची वही माझ्याकडेच आहे. 'तारा कोरड्या. सेल काढलेले. घंटा चालू.' खाली अनुमानाची जागा रिकामी. एरवी त्यासाठी मी दोन गुण कापते.

ती वही अजून तपासलेली नाही.